जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलावेत का?

जुनंचाक (गुरुवार, रात्री ९:४०)

गाडी २२ वर्षांची आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. गेल्या आठवड्यापासून ब्रेकवर पाय ठेवला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक, चिरका आवाज येतो. पाय उचलला की थांबतो. जोरात ब्रेक मारला तर गाडी किंचित उजवीकडे जाते असंही वाटतंय.

चाकाच्या भोकांतून टॉर्च मारून पाहिलं. बाहेरच्या पॅडवर ५ मिमी तरी माल शिल्लक आहे. मग आवाज कसला, ते कळेना. तरी नवीन पॅडचा जोड आणून ठेवलाय.

आजवर घरी ऑइल, फिल्टर आणि प्लग बदलले आहेत, त्यापुढे गेलेलो नाही. जॅक आहे, गोटी पाने आहेत. वडील याच गाडीचे पॅड स्वतः बदलायचे आणि मी टॉर्च धरून उभा असायचो, पण टॉर्च धरणाऱ्याला सगळ्यात कमी दिसतं. बायकोचं म्हणणं असं की प्लग चुकला तर गाडी सुरू होणार नाही, ब्रेक चुकला तर थांबणार नाही. तिचं चूक आहे असं म्हणवत नाही.

करावं की गॅरेजला द्यावी? आणि करायचंच, तर कुठे फसायला होतं?

पक्कड (गुरुवार, रात्री १०:०५)

करा. चाक काढायचं, कॅलिपरचा (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) खालचा बोल्ट काढायचा, कॅलिपर वर उचलायचा, जुने पॅड बाहेर, पिस्टन सी-क्लँपने आत, नवीन पॅड, बोल्ट, चाक. पहिल्यांदा करताना एका बाजूला तासभर धरा, दुसरी बाजू अर्ध्या वेळात होते. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, फक्त आवाज येतो त्या चाकाचे नाही.

घडीभर (गुरुवार, रात्री १०:२०)

तो चिरका आवाज म्हणजे पत्री. बऱ्याच पॅडना एक छोटी स्टीलची पत्री असते. माल २-३ मिमीवर आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. मुद्दामच ठेवलेली असते.

जुनंचाक (गुरुवार, रात्री १०:३१)

@घडीभर, पण माल ५ मिमी आहे ना?

तेलकट_हात (शुक्रवार, सकाळी ६:५०)

तुम्ही बाहेरचा पॅड पाहिलात. आतला पाहिलात का?

तीस वर्षं हेच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या गाडीला सरकता कॅलिपर असणार. त्यात पिस्टन एकच, आणि तो आतल्या बाजूला. तुम्ही पेडल दाबता तेव्हा पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर उलट बाजूला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. पिना मोकळ्या असतील तर दोन्ही पॅड जवळपास सारखे झिजतात. पिना गंजल्या, ग्रीस वाळलं, रबरी बूट फाटून आत पाणी गेलं, की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड एकटा राबतो आणि एकटाच संपतो. बाहेरचा नव्यासारखा दिसत राहतो, आणि चाकाच्या भोकातून दिसतो तो नेमका तोच.

ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडे जाते म्हणता, तेही याला धरूनच आहे. डावा ब्रेक अर्धाच लागतोय.

म्हणून पॅड बदलण्याआधी एक ठरवा. नुसते पॅड घालून गाडी खाली उतरवणार असाल तर करू नका, कारण नवा आतला पॅडही तसाच संपेल. पिना काढून, साफ करून, हाताने सरकतात हे पाहून मग पॅड घालणार असाल, तर जरूर करा. जुन्या गाडीत खरं काम पॅड सोडून बाकीचं असतं.

आडवाट (शुक्रवार, सकाळी ९:१५)

माझं मत वेगळं आहे. इंजिनमध्ये प्रयोग करावेत, दिव्यांत करावेत, ब्रेकमध्ये नाही. रस्त्यावर आपण एकटे नसतो. समोरच्या सायकलवाल्याने आपल्या शिकाऊपणाला संमती दिलेली नसते. ज्याने हे काम शेकडो वेळा केलंय त्याच्याकडेच द्यावं. यात कमीपणा नाही.

चौथा_गिअर (शुक्रवार, सकाळी ११:४०)

@आडवाट, तुमची काळजी रास्त आहे, पण शेकडो वेळा केलेला माणूस आपली गाडी नीट करतोच असं नाही. मी पॅड गॅरेजमध्ये बदलून घेतले होते. पाच महिन्यांत आवाज परत. दुसरीकडे उघडून घेतलं तर डावा आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला, डिस्कवर खोल चऱ्या, आणि वरची पिन हातोडीने ठोकून काढावी लागली. पहिल्यांदा फक्त खालचा बोल्ट काढून, कॅलिपर वर करून पॅड बदलले होते. वरची पिन कोणी बाहेर काढून पाहिलीच नव्हती. वेळ वाचवायचा तर हेच आधी सुटतं. तेव्हापासून पॅड मी स्वतः बघतो. घाई नसते, एवढाच माझा फायदा.

आडवाट (शुक्रवार, दुपारी १२:१०)

हे मान्य. पण मग निदान पहिल्या वेळेला जाणकार माणूस शेजारी हवा.

मनमोकळी (शुक्रवार, दुपारी ३:२५)

मी सात-आठ वर्षं घरी करते आहे. माझ्याकडून तीन गोष्टी.

गाडी फक्त जॅकवर ठेवून हात आत घालायचा नाही. जॅक उचलण्यासाठी, स्टँड पेलण्यासाठी. सपाट आणि कडक जमीन, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. तुमचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर असणार, त्यामुळे पुढचं काम करताना तो ओढून ठेवता येतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करायचे. वर उचललेल्या गाडीवर पान्याला हिसके दिले की ती हलते. काढलेलं चाक मी गाडीच्या कडेखाली आडवं सारून ठेवते, स्टँड घसरलाच तर गाडी त्यावर थांबेल.

दुसरं, कॅलिपर होजवर (त्याला ब्रेक ऑइल आणणारी रबरी नळी) लोंबकळत सोडायचा नाही. तारेने किंवा दोरीने स्प्रिंगला बांधून ठेवा. २२ वर्षांच्या होजला तो भार सोसत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी अनुभवाने सांगते. पिस्टन आत ढकलला की पिस्टन आणि पॅड यांच्यात जागा पडते. काम संपल्यावर पेडल पहिल्यांदा दाबाल तेव्हा ते कुठेच न अडता खोल जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या दाबात पॅड डिस्कला भिडतात आणि पेडल कडक होतं. पहिल्या वेळेला मी हे विसरले. गाडी सुरू केली, उतारावर मागे घेतली, ब्रेक दाबला तर पाय सरळ खाली. हँडब्रेकने थांबवली. मागे भिंत होती, तीन हात अंतर राहिलं. त्या दिवसापासून इंजिन सुरू करायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबते, आणि तोवर किल्ली खिशात असते.

जुनंचाक (शुक्रवार, सायंकाळी ६:००)

मनमोकळीताई, हे लिहिलंत म्हणून फार आभार. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, किल्ली माझ्याकडे राहील.

पक्कड (शुक्रवार, सायंकाळी ६:४५)

पिस्टन ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा आणि पातळी बघा. पॅड झिजत जातात तशी टाकीतली पातळी उतरत जाते. कोणी मधेच वरपर्यंत भरून ठेवलं असेल तर पिस्टन आत जाताना ऑइल उतू जातं आणि रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ग्लायकॉलचं असतं, पाण्यात विरघळतं.

मी तर पिस्टन ढकलताना निपल (कॅलिपरवरचा ऑइल आणि एअर बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) ढिला करतो आणि जुनं काळं ऑइल नळीतून बाटलीत सोडतो. घाण वर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा पंप) कशाला पाठवायची?

तेलकट_हात (शुक्रवार, रात्री ८:३०)

पक्कड यांचं तत्त्वतः बरोबर आहे. एबीएसची गाडी असती तर मीही तेच सांगितलं असतं. पण २२ वर्षांचा निपल न सुटता तुटू शकतो. तुटला की घरच्या घरी थांबलात, गाडी जॅकवरच. आणि उघडून नीट बंद केला नाही तर एअर आत जाते. पहिल्यांदा करणाऱ्याने टाकीतलं थोडं ऑइल आधी पिचकारीने काढून घ्यावं आणि पिस्टन अगदी सावकाश ढकलावा. निपल उघडायचाच असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल बेताने लावून ठेवा, ते पॅड-डिस्कवर जाऊ देऊ नका, आणि सहा पैलूंची गोटी वापरा. बारा पैलूंची कडा गोल करते.

पिस्टन ढकलताना जुना पॅड मधे धरा म्हणजे दाब सरळ पडतो. हाताच्या जोराने क्लँप फिरत राहिला पाहिजे. अडला तर पान्याला पाइप लावू नका. पिस्टन गंजलाय किंवा होज बंद झालीये. तिथे थांबा आणि इथे लिहा.

निळीशाई (शुक्रवार, रात्री ९:१०)

माझा अगदी प्राथमिक प्रश्न. पिस्टन परत ओढायला स्प्रिंग दिसत नाही. मग ब्रेक सोडल्यावर पॅड मागे कसा येतो?

तेलकट_हात (शुक्रवार, रात्री ९:३५)

फार छान प्रश्न. पिस्टनभोवती चौकोनी कापाची रबरी सील असते. पिस्टन पुढे गेला की ती जागच्या जागी पीळ खाते. दाब गेला की पीळ सुटतो आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशाएवढं मागे आणते. बस्स. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून घसरून तेवढा पुढे बसतो, म्हणून डिस्क ब्रेकला वेगळं अ‍ॅडजस्टिंग नसतं. आणि म्हणूनच जुन्या गाडीत सील कडक झाली की पॅड सुटत नाही, चाक घासत राहतं.

सुतारपक्षी (शुक्रवार, रात्री ११:००)

अवांतर: घरी ब्रेक दुरुस्त करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, सुमारे १०० किमी. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनिंगची सुरुवात तिथली मानतात.

मनमोकळी (शनिवार, सकाळी ७:१५)

वा! म्हणजे हे काम आधी बाईनेच केलं. आज घरात सांगणार.

सुतारपक्षी (शनिवार, सकाळी ७:४०)

अवश्य सांगा. डिस्क ब्रेकची कल्पनाही तेवढीच जुनी आहे, इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच पेटंट घेतलं होतं. लोकांचं लक्ष गेलं ते १९५३ मध्ये, जग्वारने डिस्क लावलेल्या गाडीने फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली तेव्हा.

घडीभर (शनिवार, सकाळी ८:०५)

ग्रीसबद्दल कोणीच लिहिलं नाही. पिनांना साधं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस चालतं ना? माझ्याकडे डबा पडलाय.

चौथा_गिअर (शनिवार, सकाळी ८:३०)

नाही! ब्रेकमधलं रबर ग्लायकॉलच्या ऑइलला टिकेल अशा जातीचं असतं, खनिज तेलाने ते फुगतं. पिन आधी छान सरकेल आणि काही महिन्यांत बूट फुगून पिन पुन्हा जाम. पिनांसाठी सिलिकॉनचं, ब्रेकसाठी म्हणून मिळणारं ग्रीसच घ्या. तांब्याच्या रंगाचं ग्रीसही पिनांना नको. काही जण ते पॅडच्या पाठीला लावतात, तिथेही अगदी पुसट. पॅडच्या मालावर किंवा डिस्कवर कुठलंच ग्रीस जाता कामा नये. बोट लागलं तरी ब्रेक क्लीनरने पुसा.

रानवाट (शनिवार, सकाळी १०:२०)

धुळीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. जुन्या पॅडची काळी धूळ हवेने उडवू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. पूर्वीच्या पॅडमध्ये आणि ड्रमच्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी आणली, पण सगळ्या देशांत ती नाही, आणि जुन्या गाडीत मागे कधी काय बसवलं गेलं हे सांगता येत नाही. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. क्लीनर मारून धूळ ओली करा, खाली ट्रे ठेवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. साध्या कापडी मास्कवर विसंबू नका. माझ्या काकांनी आयुष्यभर ड्रम फुंकून साफ केले. त्यांचा शेवटचा काळ मी पाहिला आहे. कारण तेच होतं असं मी म्हणत नाही, पण त्यानंतर मी फुंकर मारलेली नाही.

पक्कड (शनिवार, सकाळी १०:५०)

रानवाटताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी आजवर हवाच मारत आलो. बंद.

निळीशाई (शनिवार, दुपारी १:००)

नव्या पॅडच्या कडेला आकड्यांच्या शेवटी 'एफएफ' असं छापलंय. काय ते?

चौथा_गिअर (शनिवार, दुपारी १:२०)

घर्षणाचा गुणांक. पहिलं अक्षर थंड असतानाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड कमी होते. पॅड किती टिकेल हे त्यावरून कळत नाही. मूळ गाडीला जे होतं त्याच्या जवळपास राहा, पुढचा ब्रेक उगाच फार तिखट करू नका.

जुनंचाक (रविवार, सायंकाळी ७:३०)

झालं! सकाळी ८ ला सुरुवात केली, दुपारी २ ला गाडी खाली उतरवली. सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे माझ्यासारख्या पुढच्याला उपयोग होईल.

तेलकट_हात काका, तुमचं निदान तंतोतंत. डाव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम दीड मिमी, एका टोकाला त्याहून कमी, तिरका झिजलेला. बाहेरचा ५.२ मिमी. व्हर्निअरने मोजले. उजवीकडे दोन्ही ४ च्या आसपास. डावी खालची पिन बोटाने फिरली. वरची हललीच नाही. बूट फाटला होता आणि आत तांबडा चिखल. क्लीनर, सावकाश डावी-उजवीकडे पीळ, पुन्हा क्लीनर, असं तासभर केल्यावर निघाली. मधल्या भागात गंजाने खड्डे पडले होते. तशीच साफ करून घालायचा मोह झाला, खरं सांगतो. पण चौथा_गिअर यांचा प्रतिसाद आठवला. चुलतभावाला नवीन पिना आणि बूट आणायला पाठवलं. ब्रॅकेटच्या भोकातला गंज कापडाने पुसून काढला.

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान बसतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपांखालीही गंज फुगला होता, म्हणून जुना पॅड पिळून काढावा लागला. क्लिपा काढून कानशीने तो गंज उतरवला. आता नवा पॅड बोटाने आत-बाहेर सरकतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली सापडली, १०.५ मिमी. मी पाच ठिकाणी मोजली, सगळीकडे ११.१ ते ११.२. काठाला कडा आलीय, पण चालेल असं मानलं. चुकत असेल तर सांगा.

डावा पिस्टन जुना पॅड मधे धरून ढकलला, अर्ध्या मिनिटात गेला. उजवाही. टाकीतून ऑइल आधी काढलं होतं, एक थेंबही सांडला नाही. निपलला हात लावला नाही.

मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्या हातात टॉर्च दिला नाही, उजव्या बाजूचे सगळे बोल्ट तिने सोडवले. शेवटी टॉर्क पाना (ठरावीक जोरावर आवळता येणारा) वापरून गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यांवर आवळले, कॅलिपरच्या पिनांचा आकडा वेगळा आणि चाकाच्या नटांचा वेगळा. पेडल चार वेळा दाबल्यावर कडक झालं. मग बायकोने स्वतः दाबून पाहिलं आणि किल्ली दिली.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १५ पर्यंत, असे दहा मध्यम ब्रेक मारले, मधे थोडं अंतर देऊन, आणि पूर्ण थांबलो नाही. मग ब्रेक न लावता काही वेळ गाडी चालवून डिस्क थंड होऊ दिली. आवाज गेला. गाडी सरळ थांबते.

एक शंका उरली. परत आल्यावर चाकांजवळ हात नेला तर डावं चाक उजव्यापेक्षा गरम वाटलं.

तेलकट_हात (रविवार, रात्री ८:१५)

शाबास. मुलीलाही सांगा. डिस्कबद्दल तुमचं बरोबर आहे, कोरलेल्या आकड्याच्या वर आहे तोवर चालते. पण पुढच्या वेळी पॅड बदलताना डिस्कही बदलायच्या हे आजच लिहून ठेवा.

डावं चाक गरम आहे ते मात्र सोडून देऊ नका. पिना नव्या आहेत, म्हणजे संशय आता पिस्टनवर किंवा होजवर. जुन्या होजचं आतलं अस्तर सुटतं आणि झडपेसारखं वागतं. पेडलचा जोर ऑइलला पलीकडे ढकलतो, पण पाय उचलल्यावर ते परत येत नाही. बाहेरून होज धडधाकट दिसते.

असं पाहा. डावं चाक वर घ्या, स्टँड लावा, कोणाला तरी ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडायला सांगा, आणि चाक हाताने फिरवा. जड फिरलं तर निपल अर्धा आटा उघडा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकला होता, म्हणजे बहुतेक होज. तरीही जडच राहिलं तर पिस्टन.

आडवाट (रविवार, रात्री ८:५०)

मनापासून अभिनंदन. काळजीने लिहिलं होतं, आणि तुम्ही ज्या पद्धतीने केलंत ते पाहून बरं वाटलं. होज निघाली तर मात्र एअर काढावी लागेल. ते काम जाणकाराच्या देखरेखीत करा, एवढा हट्ट धरतो.

जुनंचाक (मंगळवार, रात्री ९:२०)

होजच होती. निपल सुदैवाने सुटला (शनिवारी रात्रीच तेल लावून ठेवलं होतं), पिचकारीसारखं ऑइल आलं आणि चाक लगेच मोकळं झालं. आडवाट, तुमचा हट्ट मोडला नाही. वडिलांच्या वेळचे एक मेकॅनिक आता काम करत नाहीत, पण येऊन खुर्ची टाकून बसले. दोन्ही पुढच्या होज नव्या, ब्रेक ऑइल पूर्ण नवीन, डॉट ४ प्रकारचं. जुनं निघालं ते गढूळ तपकिरी होतं.

एअर काढताना त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मी कुठेच वाचली नव्हती. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला लावला, म्हणजे ते पार तळाशी जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग कधी वापरलाच जात नाही, तिथे गंज आणि घाण साठते. पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्यावरून घासते आणि फाटते. मग चांगला मास्टर सिलिंडर ब्लीड केल्यावर, म्हणजे एअर काढल्यावर, गळायला लागतो.

तेलकट_हात (मंगळवार, रात्री ९:४५)

त्यांना माझा नमस्कार सांगा. हे मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा.

पक्कड (मंगळवार, रात्री १०:००)

पहिल्याच प्रतिसादात मी 'खालचा बोल्ट काढायचा, कॅलिपर वर उचलायचा' असं लिहिलं होतं. आज स्वतःच्या गाडीची वरची पिन पहिल्यांदा बाहेर काढली. उजवीकडची कोरडी ठणठणीत निघाली. उद्या ग्रीस आणतो.

जुनंचाक (मंगळवार, रात्री १०:१२)

मागच्या ड्रमबद्दल वेगळा धागा काढतो. मुलगी विचारतेय, ते कधी उघडायचे.